पापणीची सूज परदेशात, ट्यूब जळगावची

पापणीच्या कडेला पुटकुळी येते, ठणकते, आठ-दहा दिवसांत फुटते किंवा बसून जाते. तिला आपण रांजणवाडी म्हणतो आणि तिच्यासाठी सहसा कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. घरात कुणी खारकेची बी उगाळून लावतं, कुणी लवंग, कुणी तळहातावर बोट घासून ते गरम बोट टेकवतं. रांजणवाडी जाते. खारकेने गेली असं आजी म्हणते. खरं तर बहुतेक रांजणवाड्या आपल्या आपणच जाणार असतात.

काहींची मात्र जात नाही. एक बसते तोवर दुसरी येते, उजवीकडची उतरली की डावीकडे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंडा, दिवसभर चुरचुर. असे महिनेच्या महिने जातात. गावात असताना हे झालं तर निदान ओळखीचा डॉक्टर असतो. परक्या देशात, जिथे अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळते आणि डॉक्टर हातावर काही न टेकवता घरी पाठवतो, तिथे माणूस हवालदिल होतो.

मी जळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासते, नंबर काढते. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, दर दोन-तीन घरांआड एखादं लेकरू बाहेर असतंच. कुणी जर्मनीत शिकतंय, कुणी टेक्सासला कोडिंग करतंय, कुणी दुबईत साइटवर आहे. त्यामुळे हल्ली माझे काही पेशंट कधी दवाखान्यात येतच नाहीत, त्यांच्या पापण्या तेवढ्या व्हॉट्सअॅपवर येतात. सोबत एकच प्रश्न असतो: ताई, कुठली ट्यूब लावू? बहुतेकांना माझं उत्तर आवडत नाही, कारण ट्यूब हे त्या दुखण्याचं मुख्य औषधच नसतं. का नसतं ते नीट सांगायचं तर आधी पापणीच्या आत काय चालतं ते बघावं लागेल.

आरशासमोर उभं राहून खालची पापणी हलकेच खाली ओढा. केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांची एक रांग दिसेल. ती तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. हाइनरिख माइबोम या जर्मन डॉक्टराने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की या ग्रंथी दाबल्या जातात आणि तेलाचा अगदी पातळ थर डोळ्यातल्या पाण्यावर पसरतो. तो थर पाणी उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडलं की पाणी लवकर वाळतं, डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला म्हणून उलट जास्तच पाणी गाळतो. 'माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतंय, कोरडे कसे असतील?' हे ऐकलं नाही असा आमचा एक दिवस जात नाही.

आता या तेलाची गंमत. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा डब्यातलं तूप पातळ असतं. तेच तूप जानेवारीत चमच्याने खरवडावं लागतं. पापणीतल्या तेलाचं तसंच आहे. निरोगी तेल पापणीच्या नेहमीच्या उबेत पातळ राहतं. बिघडलेल्या तेलाला पातळ व्हायला जास्त ऊब लागते, आणि ती मिळाली नाही की ते ग्रंथीच्या तोंडाशीच घट्ट होऊन बसतं. मागचं तेल आत तुंबतं.

त्यावर जिवाणू जगतात. स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतातच, ते काही बाहेरून आलेले शत्रू नव्हेत. तुंबलेल्या तेलावर त्यांची चैन होते. ते तेल फोडून त्यातून जी आम्लं सुटतात ती पापणीच्या कडेला झोंबतात, कड सुजते, सुजल्यामुळे ग्रंथीचं तोंड आणखी आवळतं. फेरा सुरू. या कायमच्या धुमसण्याला ब्लेफरायटिस म्हणतात. त्यात मधूनच एखाद्या ग्रंथीत किंवा केसाच्या मुळाशी जिवाणूंनी जोर केला की ठणकणारी, पू धरणारी रांजणवाडी उठते. आणि एखादी ग्रंथी पूर्ण बंद होऊन तिचं तेल आतल्या आत फुटलं तर शरीर त्याभोवती एक कडक, न दुखणारी गाठ बांधतं. ती गाठ म्हणजे कॅलेझियन. तिच्यात बहुधा जिवाणू नसतातच.

लोक तिन्हींना सरसकट इन्फेक्शन म्हणतात. यातलं खऱ्या अर्थाने इन्फेक्शन फक्त रांजणवाडी. कॅलेझियनवर अँटिबायोटिक लावणं म्हणजे रिकाम्या घरावर छापा घालणं. आणि ब्लेफरायटिसमध्ये अँटिबायोटिकने काही दिवस बरं वाटतं खरं, पण तुंबलेलं तेल जागेवरच असतं, म्हणून औषध थांबलं की महिन्याभरात सगळं परत. 'औषध लागू पडलं, पण रोग हट्टी आहे' असं पेशंट म्हणतो. रोग हट्टी नाही, त्याचं मूळ दुसरीकडे आहे.

परदेशात गेल्यावरच हे का सुरू झालं, असं सगळेच विचारतात. बाहेर थंडी, घरात हीटरची कोरडी हवा, आणि दिवसभर समोर स्क्रीन. माणूस एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापण्या लववतो. स्क्रीनकडे बघताना ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि त्यातही बऱ्याच वेळा पापणी अर्धीच मिटते. अर्ध्या मिटण्याने ग्रंथी पुरत्या दाबल्या जात नाहीत. दुबईत थंडी नाही, पण एसी आणि धूळ आहे. यात झोपेचं खोबरं, परीक्षा, व्हिसाची चिंता, तेच हात डोळ्यांना लावणं, हे वेगळं सांगायला नको. कुणी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेत असेल तर त्याने या ग्रंथी आक्रसतात. डॉक्टरला हे आवर्जून सांगा. चेहऱ्यावर रोझेशिया (चेहरा लाल करणारा त्वचेचा आजार) असेल किंवा डोक्यात चिवट कोंडा असेल, तर पापणीचं दुखणं बहुधा त्याचंच भावंड असतं.

सामानातून आलेली ट्यूब

नात्यातला एक मुलगा जर्मनीत शिकायला आहे. त्याची आई अमळनेरला. व्हिडिओ कॉलवर तिने बघितलं आणि विचारलं, "काब्र रे, डोया लाल दिखस तुना? आठेनं औसद धाडू का?" कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने फोटो बघून ट्यूब दिली, आणि त्याच्याच कॉलेजला निघालेल्या दुसऱ्या मुलाच्या बॅगेत, उडदाचे पापड आणि कळण्याच्या पिठाच्या मध्ये, ती जर्मनीला पोहोचली. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. आई खूश, मुलगा खूश. आठवड्याने लावणं थांबवलं, डोळा पुन्हा लाल. पुन्हा लावली, पुन्हा पांढरा. असं चक्र चालू राहिलं. मग त्याने त्या ट्यूबचा फोटो मला पाठवला, आणि मी आधी औषधाच्या नावाखालची बारीक अक्षरं मोठी करून वाचली: अँटिबायोटिक, आणि त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन.

डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. सूज आणि लाली झटक्यात उतरते ती त्याच्यामुळे. पण काही लोकांत स्टेरॉइडच्या थेंबांनी किंवा मलमाने काही आठवड्यांत डोळ्याच्या आतला दाब वाढतो, आणि हा दाब दुखत नाही, दिसत नाही, कळत नाही. कळतो तेव्हा डोळ्याच्या नसेचं नुकसान झालेलं असतं, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. लांबलेल्या वापराने मोतीबिंदूही लवकर येतो. डोळ्यात नागीण किंवा बुरशी असेल तर स्टेरॉइड आगीत तेल ओततं. डॉक्टर स्वतः ब्लेफरायटिसला स्टेरॉइड देतात, नाही असं नाही, पण मोजके दिवस आणि दाब तपासत.

तेव्हा घरून आलेल्या कुठल्याही ट्यूबवर किंवा बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव आहे का ते बघा. ब्रँडच्या नावामागे डी किंवा डीएम असं शेपूट असेल तर बऱ्याचदा ते डेक्सामेथासोनचंच असतं. आपल्या कायद्यानेही ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विकली जातात हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. त्या मुलाला मी ट्यूब बंद करून डोळ्याचा दाब मोजून घ्यायला सांगितलं. सुदैवाने दाब ठीक निघाला. सगळ्यांचा ठीक निघत नाही.

आईवर मात्र मी चिडले नाही. सहा-सात हजार किलोमीटरवर लेकराचा डोळा सुजला तर तिने काय करायचं? काहीतरी धाडायचं, हेच. तिने ऊब धरणारी एखादी डोळ्यांची पट्टी धाडली असती तर जास्त उपयोग झाला असता, एवढंच.

शेक, आणि तोही नीट

या सगळ्या दुखण्यांचं मुख्य औषध शेक आहे, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एवढंच? हो, पण लोक करतात तो शेक बहुतेक वेळा शेकच नसतो. रुमाल गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, डोळ्यावर ठेवायचा, मोबाइल बघत दोन मिनिटांनी काढायचा. ओला रुमाल एक-दोन मिनिटांतच कोमट होतो. तुंबलेलं तेल वितळायला पापणीला चाळिसेक अंशांची ऊब सलग काही मिनिटं मिळावी लागते. म्हणून रुमाल असेल तर दर मिनिटाला पुन्हा गरम पाण्यात बुडवत राहायचं, पाच ते दहा मिनिटं. त्यापेक्षा बरी म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये तापवायची डोळ्यांची पट्टी. ती परदेशात कुठल्याही मोठ्या औषध दुकानात मिळते आणि ऊब धरून ठेवते. नाहीतर स्वच्छ सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरून गाठ मारा आणि मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ फिरवा. डोळ्यावर ठेवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तिथे सोसवत नसेल तर पापणीला सोसवणार नाही. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, ती भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची जाणीव कमी झालीय त्यांनी हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं.

शेक संपला की लगेच, तेल पातळ आहे तोवर, मालिश. हात साबणाने धुवा. डोळा मिटा. स्वच्छ बोटाने वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या कडेकडे, हलका दाब देत सरकवा. बुबुळावर जोर द्यायचा नाही. काहींच्या कडेवर घट्ट, पिवळसर तेल आलेलं दिसतं. नाही दिसलं तरी चालू ठेवा.

मग केसांच्या मुळाशी असलेला कोंडा पुसून काढायचा. उकळून गार केलेल्या कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब, त्यात कापूस भिजवून, डोळा मिटून, आडवा पुसायचा. हा जुना उपाय. चालतो, पण काहींना शाम्पूच झोंबतो आणि कड आणखी कोरडी पडते. अशांनी पापण्यांसाठी मिळणाऱ्या तयार ओल्या पट्ट्या किंवा फेस वापरावा. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा कापूस.

हे दिवसातून दोनदा, निदान सहा आठवडे. त्यानंतर एकदा, आणि ते कायमचं. दात घासतो तसं, असं आमच्याकडे सांगतात. पहिल्या आठवड्यात काहीही फरक दिसत नाही आणि त्याच आठवड्यात निम्मे लोक सोडून देतात. रांजणवाडी ठणकत असेल तेव्हा नुसता शेक द्यायचा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मालिश थांबवायची. पू दिसला तरी दाबून फोडायची नाही. दाबलेला पू आत पसरतो.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी डोळा पूर्ण बरा होईपर्यंत चष्म्यावर यायचं. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही, मग तो नळ जर्मनीतला का असेना. मस्करा आणि आयलायनर फेकून द्यायचे, तेच पुन्हा वापरायचे नाहीत. आणि काजळ. तुपाच्या काजळीचं घरचं काजळ शुद्ध असतं म्हणून चालतं, असं नव्हे. ते बरोबर त्याच ठिपक्यांच्या रांगेवर बसतं आणि ग्रंथींची तोंडं बुजवतं. सुरम्याची गोष्ट आणखी वाईट, त्यात शिसं असू शकतं, म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने डोळ्यांसाठी त्याला परवानगी दिलेली नाही. आजी रागावली तरी आणू नका.

केसांच्या मुळातले भाडेकरू

शेक, सफाई सगळं मन लावून केलं आणि तरी खाज जात नाही, विशेषतः सकाळी उठल्यावर पापण्यांच्या कडेला खाजतं, तर डेमोडेक्स या माइटचा विचार करावा लागतो. सुमारे ०.३ मिलिमीटर लांबीचा हा जीव केसांच्या मुळात राहतो. घाबरू नका, वय वाढतं तसा तो बहुतेकांच्या पापण्यांवर असतोच आणि काही करत नाही. त्यांची संख्या फार वाढली की त्रास. ओळखायची खूण नेमकी आहे: खाली बघायला सांगून वरच्या पापणीचे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की प्रत्येक केसाच्या बुडाशी पारदर्शक, मेणचट कडं बसलेलं दिसतं. डॉक्टर घाईत असला तर खाली बघायला सांगत नाही आणि हे निसटतं. तुम्हीच विचारा, 'डेमोडेक्स आहे का बघता का?'

यावर टी ट्री तेलाचा बोलबाला फार आहे. शुद्ध टी ट्री तेल डोळ्याजवळ लावू नका. बुबुळाची वरची त्वचा त्याने पोळते. त्या तेलातला उपयोगी घटक, टर्पिनेन-४-ओल, सौम्य प्रमाणात असलेल्या तयार पट्ट्या मिळतात, त्या चालतात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये लोटिलानरच्या ०.२५ टक्के थेंबांना खास या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. किंमत अमेरिकेच्या हिशेबाने आहे, म्हणून आधी विमा काय देतो ते विचारा.

याच्या पुढची पायरी म्हणजे गोळ्या. महिनोन् महिने चाललेल्या ब्लेफरायटिसला डॉक्टर डॉक्सिसायक्लिन कमी डोसमध्ये, बरेच आठवडे देतात. इथे ते जिवाणू मारायला कमी आणि सूज उतरवायला, तेलाची प्रत सुधारायला जास्त असतं. म्हणून पाच दिवसांत बरं वाटलं नाही तर सोडायचं नसतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून काही तास लांब. ऊन सहन होत नाही, कातडी भाजते. मे महिन्यात सुट्टीवर जळगावला येणार असाल तर डॉक्टरला आधीच सांगा. गर्भारपणात आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत. अशा वेळी अझिथ्रोमायसिनचा पर्याय असतो.

दार कुठलं ठोठवायचं

परदेशात डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे कोण, यातच पहिला घोळ होतो. जळगावात चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात आणि आजारासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात. ब्रिटनमध्ये चष्म्याच्या दुकानातलाच ऑप्टोमेट्रिस्ट डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो, पापण्यांचे आजार ओळखतो आणि गरज वाटली तर पुढे पाठवतो. स्कॉटलंडमध्ये ही तपासणी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत असते आणि डोळ्याच्या कुठल्याही तक्रारीला पहिलं दार तेच. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत डोळ्यांच्या छोट्या, तातडीच्या तक्रारींसाठी अशीच सोय आहे. फोन करून 'माझ्या भागात आहे का' एवढं विचारायचं. जीपीची, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरची, वाट बघत बसू नका, त्याच्याकडे तो सूक्ष्मदर्शक नसतो. रात्री-अपरात्री १११ वर फोन. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब तिथे २००५ पासून चिठ्ठीशिवाय औषध दुकानात मिळतात, पण ते डोळे येण्यासाठी आहेत. महिनोन् महिन्यांच्या ब्लेफरायटिसवर बाटलीमागून बाटली संपवू नका.

जर्मनीत डोळ्यांच्या डॉक्टरला आउगेनआर्त्स्ट म्हणतात आणि सरकारी विम्यावर त्याच्याकडे जायला घरच्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. नेहमीची अपॉइंटमेंट महिन्यांनंतरची मिळते हे खरं, पण २०१९ च्या कायद्यापासून तिथल्या नेत्रतज्ज्ञांना आठवड्यातून निदान पाच तास अपॉइंटमेंटशिवाय येणाऱ्यांसाठी ठेवावे लागतात. दवाखान्यात फोन करून 'ओफेनं श्प्रेखष्टुंडं' कधी आहे ते विचारा आणि सकाळी लवकर जाऊन नंबर लावा. तेही जमलं नाही तर ११६११७ वर फोन.

अमेरिकेत लोक फसतात ते विम्याच्या दोन कार्डांत. व्हिजन प्लॅन चष्म्याच्या नंबरासाठी. सुजलेली पापणी हा आजार आहे, तो मेडिकल विम्यात बसतो. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की ही मेडिकल तक्रार आहे, आणि डॉक्टर तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का ते विचारा. साध्या रांजणवाडीसाठी इमर्जन्सी रूममध्ये जाऊ नका. बिल बघून डोळे जास्त लाल होतील. ऑप्टोमेट्रिस्ट तिथेही पुरतो, आणि डोळ्यांची बहुतेक औषधं लिहून देऊ शकतो. अमिरातीत विमा व्हिसाशी जोडलेला आहे. अबुधाबी आणि दुबईत आधीपासून, आणि १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतल्या खाजगी कामगारांनाही तो सक्तीचा झाला. साइटवर काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना आपल्या कार्डावर कुठले दवाखाने येतात हेच माहीत नसतं. कंपनीच्या माणसाकडून यादी मागून घ्या.

जळगावच्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवून चिठ्ठी घ्यावी असं मनात येतं. मानसिक आधाराला ठीक. पण ती चिठ्ठी तिकडच्या दुकानात साधारणतः चालत नाही, आणि आपल्याकडच्या २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत देशाबाहेरच्या पेशंटची तपासणी येतच नाही. त्यातून पापणी फोनच्या कॅमेऱ्यात दिसते ती वरवरची.

आता ती तक्रार, जी मला सगळ्यात जास्त ऐकू येते: 'एवढे पैसे घेतले, डोळा बघितला, आणि शेक घ्या म्हणून परत पाठवलं.' आपल्याकडे डॉक्टरने तीन औषधं लिहिली नाहीत तर फी वाया गेली असं वाटतं. तिकडच्या डॉक्टरने तुम्हाला झटकलेलं नसतं. त्याने खरंच बरोबर उपचार सांगितलेला असतो, फक्त तो कसा करायचा हे दोन मिनिटांत उरकलेलं असतं. त्याच्याकडून औषध मागू नका, 'शेक किती वेळ, मालिश कशी, पुन्हा कधी दाखवू' हे मागा. जाताना आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव लिहून न्या, कारण आपले ब्रँड तिथे कुणाला कळत नाहीत. साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. वारंवार उठणाऱ्या रांजणवाड्यांमागे कधीकधी न सापडलेला मधुमेह असतो. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत तर हे पहिल्या दिवशी.

काही वेळा मात्र शेक घेत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. पापणी इतकी सुजली की डोळा उघडत नाही, ताप आहे, डोळा फिरवताना दुखतं, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, दोन-दोन दिसतं किंवा नजर धूसर झाली: इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत शिरल्याची ही लक्षणं आहेत आणि लहान मुलांत ते फार वेगाने वाढतं. उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, लेन्स लावणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. कपाळाच्या एकाच बाजूला फोड आणि त्याच बाजूची पापणी सुजलेली, ती नागीण. फोड नाकाच्या शेंड्यावर आला असेल तर डोळ्याला धोका जास्त. सूज नाकाजवळच्या कोपऱ्यात असेल आणि दाबल्यावर पू येत असेल तर ती पापणी नाही, अश्रूंची पिशवी आहे, तिचा उपचार वेगळा.

राहिली ती न दुखणारी गाठ. कॅलेझियन दोन-तीन महिन्यांत शेकाने बसलं नाही तर भूल देऊन पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन साफ करतात, किंवा गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. काढल्यावर पुन्हा त्याच जागी आलं, त्या जागेचे पापणीचे केस गळले, किंवा एकाच डोळ्याचा ब्लेफरायटिस कशानेच हलत नाही, आणि वय पन्नाशीच्या पुढचं असेल, तर तेलग्रंथीच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि तेलग्रंथीचा विरळा; आपल्याकडे भारतात तेलग्रंथीच्या कर्करोगाचं प्रमाण तुलनेने बरंच मोठं आहे. तिकडच्या डॉक्टरच्या पाहण्यात तो क्वचितच आलेला असू शकतो, आणि तो कॅलेझियनचं हुबेहूब सोंग घेतो. म्हणून दुसऱ्यांदा काढलेली गाठ बायोप्सीसाठी पाठवणार का, हे टेबलावर झोपण्याआधी विचारा, आणि हो म्हणाले की अहवाल कधी आणि कुणाकडून मिळेल तेही लिहून घ्या.